देऊळ फिरवणारे गाणे

मराठवाड्यातल्या कुरुंद्यात वाढलेल्या माणसाला कीर्तन म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. टोकाईच्या गडाकडे पाहत आम्ही मोठे झालो. एका अंगाला औंढा नागनाथ, जरा पुढे गेले की नामदेवांची नर्सी. कीर्तनाला बसलेल्या नामदेवांना देवळामागे जायला सांगितले, ते मुकाट्याने मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही औंढ्याची गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असते. गाण्याने देऊळ फिरते, हे ज्या मुलखात लहानपणीच खरे मानलेले असते, तिथल्या माणसाला रेव्हरंड नारायण वामन टिळक परके वाटत नाहीत. टिळकांनीही एक देऊळ फिरवले. मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या प्रार्थनाघराला देऊळच म्हणतो.

मराठीत ख्रिस्ताचे गाणे टिळकांच्या आधीही होते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात राशोलला छापले गेले, तेही ओवीत. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने हा छंद उचलला, कारण ऐकणाऱ्यांच्या कानात तोच होता. पुढे गोव्यातल्या चर्चशाळांमधून ‘मेस्त्री’ तयार झाले. गावातल्या पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे, रविवारी गायकवृंद सांभाळायचा, हे त्यांचे काम. माजोर्ड्याच्या अशाच एका मेस्त्रीचा मुलगा अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या सिनेसंगीतात वाद्यमेळ रचणारा आणि संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारा गुरू झाला. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामागे त्यांचेच नाव आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

देशावरची गोष्ट वेगळी. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये अहमदनगरला आले आणि त्याच्याबरोबर इंग्रजी चालीही आल्या. शब्द मराठी, चाल परदेशी. यात आवडीनिवडीपेक्षा मोठी अडचण छंदाची होती. इंग्रजी गीताची चाल शब्दातल्या आघातावर उभी असते. मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घावर नाहीतर अक्षरसंख्येवर चालते. परक्या चालीत मराठी शब्द बसवला की ऱ्हस्व अक्षर ताणले जाते, दीर्घ अक्षर चिरडले जाते, शब्द मधेच तुटतो आणि म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो तेच उमगत नाही. अभंगाचे तसे नाही. सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे, हाताशी टाळ, आणि अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा दुसऱ्या खेपेला सोबत म्हणू लागते. हे ओळखून नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांनी टिळकांच्या आधीच देशी चालींची पदे आणि ख्रिस्ती कीर्तन उभे केले. त्यांचे नाव आज फारसे कुणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. कवी, वक्ते, संस्कृतचे जाणकार. एका जागी न टिकणारे. 1893 मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. धर्म बदलला, कान बदलला नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. त्यांची ख्रिस्तगीते वाचताना ते पटते. देवाला माउली म्हणणे, त्याच्यावर रुसणे, त्याला हक्काने हाक मारणे हा सारा ऐवज वारकऱ्यांचा. कीर्तनाचा साचाही त्यांनी तोच ठेवला. आधी नमन, मग पूर्वरंगात विषयाची फोड, उत्तररंगात आख्यान. आख्यान उधळ्या पुत्राचे, पण साकी, दिंडी, ओवी ही वळणे आपल्या हरदासांची. शंभराहून अधिक पदे त्यांनी ख्रिस्ती मंडळीच्या हाती दिली. ‘उपासना संगीत’ घेऊन मराठी मंडळी गायला उभी राहते तेव्हा त्यांचे शब्द आजही तिच्या तोंडी येतात.

आणि घर? टिळकांना कुटुंबवत्सल म्हणताना माझी लेखणी क्षणभर थांबते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आठवणी, ‘स्मृतिचित्रे’, वाचलेल्या कुणाचीही थांबेल. लहानपणीच लग्न होऊन आलेली ही बाई नवऱ्याच्या भटकंतीमागे किती घरे मांडत आणि मोडत राहिली! टिळक न सांगता निघून जात, हातचा पैसा वाटेत भेटेल त्या गरजूला देऊन टाकत, क्षणात चिडत आणि क्षणात विरघळत. त्यांनी धर्म बदलला तेव्हा तिच्यावर आकाश कोसळले. चार-पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. ती जातीचे नियम पाळत राहिली. तिचा धर्म तिच्यापाशी ठेवून त्यांनी तिला जवळ बोलावले. पुढे राहुरीला तिने स्वतःच्या विचाराने जातिभेद टाकला आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय तिचा होता. टिळकांनी तिच्यासाठी वाट पाहिली, हे मला त्यांच्या सगळ्या पदांहून मोठे वाटते. त्यांच्या अनेक चुका मी त्या वाट पाहण्याच्या बाजूला ठेवून तोलतो.

त्या घराला भिंती जणू नव्हत्याच. पोरकी मुले येत आणि घरचीच होत. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात टिळकांच्या नजरेत भरलेला ठोमरे नावाचा पोर पुढे त्यांच्या घरी राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्यासारखे जपले. हाच बालकवी. फुलांमुलांचे कवी म्हणून टिळकांची ओळख आहे, आणि ती मुले खरोखर त्यांच्या ओसरीवर खेळत होती. भाकरी किती थापायच्या याचा हिशेब ज्या घरात कधी जमला नाही, त्याच घरात मंडळीची गाणी रचली गेली. मला ती गाणी ऐकताना चुलीचा धूर जाणवतो. एकांतात बसून देवाला आळवणाऱ्या माणसाची ती वाटत नाहीत. आई, बाप, लेकरू, रुसवा, समजूत हे त्यांतले शब्द घरातूनच गेलेले आहेत.

1912 पासून ते मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. 1917 मध्ये साताऱ्याला जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असा भेद न करता ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्यांनी एकत्र बसावे, ही त्यामागची कल्पना होती. मिशनला ती पेलणे सोपे नव्हते. ती वाढवायला त्यांना वेळही मिळाला नाही. 9 मे 1919 ला मुंबईत ते गेले. त्यांनी लिहायला घेतलेले ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र ‘ख्रिस्तायन’ अर्धेमुर्धेही झालेले नव्हते.

मराठवाड्यातल्या छोट्या गावांतून आज रविवारी पेटी पुढे ओढून बसणाऱ्या माणसांकडे मी याच नजरेने पाहतो. त्यांची नावे कुठे छापून येत नाहीत. आठवडाभर नोकरी किंवा शेती, शनिवारी रात्री घरच्यांना बसवून चाल घोटून घ्यायची, मुलाच्या हाती तबला, बायकोचा आवाज पहिल्या ओळीला. सकाळी देवळात मंडळी जे ऐकते ते आदल्या रात्री स्वयंपाकघराच्या दारात बसवलेले असते. असा माणूस गेला की पेटीत सूर राहतो, पण कोणत्या पदाला कुठली चाल आणि कुठल्या ओळीवर थांबायचे हे त्याच्या लेकीसुनांच्या कंठात राहते. ते त्यांच्याकडून वेळीच लिहून घेतले पाहिजे, वहीत, चालीच्या खुणांसकट.

टिळकांच्या बाबतीत ते झाले. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहू पाहत होता. त्यासाठी आईने आठवणी सांगाव्यात, एवढेच आधी ठरले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याच्या धरसोडीतून जमेल तसे वाचायला शिकलेल्या बाईने त्या आठवणी स्वतःच लिहिल्या आणि 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने येऊ लागली. ‘ख्रिस्तायन’ही तिने हाती घेतले. नवऱ्याचे अध्याय संपले तिथून पुढे आणखी 64 अध्याय तिने ओवीत रचले, आणि त्यातली आख्याने लावून ती स्वतः कीर्तनाला उभी राहिली.