सुईतच थिजलेलं जेल

मे महिना, मुंबई, संध्याकाळचे सहा. ओपीडीचे पेशंट संपल्यावर सीटी स्कॅनचं मशीन आम्हाला वीस मिनिटं मिळणार होतं. त्या वीस मिनिटांसाठी तीन आठवडे थांबलो होतो. ३७ अंशांवर ठेवलेला चिकनचा तुकडा समोर, माझ्या हातात सिरिंज. दट्ट्या दाबला, हलेचना. जोर लावला तशी सुईच सुटून आली. आत जेल थिजलं होतं.

जेल प्लुरॉनिक एफ-१२७ या पॉलिमरचं. बाजारची जेली गार झाली की बसते, याचं उलटं. चिकाला वाफ लागली की खरवस होतो ना, तसं हे थंडीत पातळ आणि उबेत घट्ट. पण खरवसाचा पुन्हा चीक होत नाही, हे मात्र फ्रीजमध्ये ठेवलं की परत पातळ होतं. म्हणून तर ते सुईतून टोचता येतं. आत गेल्यावर अंगाच्या उबेने तिथेच बसतं आणि औषध हळूहळू सोडतं. २० टक्क्यांचं द्रावण २५ अंशांच्या आतच थिजतं, आणि आमचा बर्फ टॅक्सीतच वितळला होता.

तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "अहो मॅडम, पोलिओचे डोस आम्ही आइस पॅकच्या डब्यातून नेतो. तुम्ही औषध गार ठेवलंत, पण सुई-सिरिंज गार केलीत का?"

आम्ही वाचलेल्या एकाही शोधनिबंधात हे नव्हतं. पुढच्या वेळी सगळंच लसीच्या डब्यातून नेलं आणि जेल सरसर आत गेलं.

स्क्रीनवर ते दिसावं म्हणून त्यात आयोडीनचं कॉन्ट्रास्ट मिसळलं होतं. पांढराशुभ्र ठिपका उमटला, आम्ही टाळ्या वाजवल्या. तासाभराने पुन्हा स्कॅन केला तर ठिपका पसरून फिका झालेला. तुकडा कापून पाहिला, जेल जागच्या जागी होतं. निसटलं होतं ते आयोडीन. आम्ही जेल बघतच नव्हतो! प्रोस्टेटच्या रेडिएशनमध्ये गुदाशय दूर ठेवणाऱ्या 'स्पेसओएआर व्ह्यू' जेलमध्ये आयोडीन पॉलिमरलाच जोडलेलं असतं. त्याचं मोल मला त्या संध्याकाळी कळलं.

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मूत्रपिंडातल्या आणि मूत्रनलिकेतल्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी 'जेलमायटो' हे असंच उबेत थिजणारं औषध मंजूर केलं. साधं औषध लघवीबरोबर लगेच वाहून जातं. हे आत गेल्यावर जेल बनतं आणि चार ते सहा तास मायटोमायसिन सोडत राहतं. ते रुग्णाला देण्याआधी बर्फात गार करावं लागतं.