जुनी रायफल की नवी? गैरसमज आणि वस्तुस्थिती

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आपल्या पसंतीने जुळवून घेताना मूळ यंत्रणा तीच ठेवून नळी, दस्ता, चाप किंवा दुर्बीण बदलली जाते. पाया जुन्या रायफलीचा घ्यावा की नव्या, हा प्रश्न पोलादाचा वाटतो. जळगाव किंवा धुळ्याच्या परवानाधारकासाठी मात्र त्याचे अर्धे उत्तर परवान्यावरच्या बोअरच्या रकान्यात आधीच दिलेले असते.

सर्वांत पक्का गैरसमज थ्री-नॉट-थ्रीचा आहे. पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली ही ली-एनफिल्ड रायफल जुनी झाली, म्हणून नागरिकाला सहज मिळेल असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. .303 आणि 7.62 मिमी ही लष्करी काडतुसे ज्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत बसतात, ती रायफल शस्त्र नियम 2016 नुसार प्रतिबंधित गटात मोडते. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्याने 1960च्या दशकात ली-एनफिल्डच्याच घाटावर 7.62 साठी बनवलेली 2ए1 रायफलही त्यातच आली. भुसावळ तालुक्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत 7.62 ची काडतुसे बनतात, पण खासगी परवानाधारकाला त्यांचा काही उपयोग नाही. प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्यास शस्त्र अधिनियमाच्या 2019च्या दुरुस्तीनंतर 7 ते 14 वर्षे कैदेची तरतूद आहे.

उरतात प्रामुख्याने .315 आणि .30-06. इशापूरची .315 ही पाच काडतुसांची रायफल ली-एनफिल्डच्याच यंत्रणेवर बेतलेली असून तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियाचे, 8 मिमी मानलिखर जातीचे. गंमत अशी की दुकानातून कोरी घेतलेली .315 मूळ आराखड्याने एकोणिसाव्या शतकातली असते. ली-एनफिल्डचा आराखडा 1895चा, तर जर्मनीच्या मॉझर रायफलीचा गाजलेला आराखडा 1898चा. म्हणजे आजोबांच्या काळातली मॉझर आराखड्याच्या हिशेबाने कोऱ्या .315 पेक्षा नवी ठरते! जुनी-नवी ठरवताना बनावटीचे साल आणि आराखड्याचे साल वेगवेगळे धरावे लागते.

हा फरक कागदापुरता नाही. ली-एनफिल्डच्या बोल्टला अडकवणारे कान मागच्या बाजूला असतात. बार उडाला की दाब बोल्टच्या लांबीभर पसरतो आणि बोल्ट किंचित दबतो. उघडझाप मात्र झपाट्याने होते. मॉझर 98 मध्ये दोन कान पुढे, काडतुसाला लागून असतात आणि सुरक्षेसाठी तिसरा मागे असतो. जास्त दाबाच्या काडतुसासाठी हीच रचना सरस. 7.62 साठी ली-एनफिल्ड वापरताना इशापूरला अधिक चांगले पोलाद घ्यावे लागले, ते उगीच नाही.

‘जुने पोलाद ते जुने पोलाद’ हा दुसरा लाडका समज. अमेरिकेची स्प्रिंगफिल्ड 1903 रायफल त्याला चोख उत्तर देते. स्प्रिंगफिल्ड शस्त्रागारात बनलेल्या 8,00,000 क्रमांकाखालच्या रायफलींचे पोलाद तापवताना कारागीर रंग पाहून अंदाज बांधत. काही रायफली जास्त तापल्या, ठिसूळ झाल्या आणि बार उडताना फुटल्या. पुढे तापमान उपकरणाने मोजले जाऊ लागले. नवे पोलाद निदान एकसारखे तरी असते.

तरी जुन्या परदेशी रायफलीला भारतात चढा भाव मिळतो. त्यामागे दर्जापेक्षा टंचाई अधिक आहे. 1980च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, त्यामुळे आहे तोच जुना साठा फिरत राहतो. त्यात 2019 पासून एका व्यक्तीला दोनच बंदुकांची मुभा आहे. हौसेने जुळवलेली रायफल त्यातली एक जागा अडवते.

नवी रायफल अचूक नेम साधतेच, हेही खरे नाही. नेम नळीवर, काडतुसाच्या घरावर आणि दस्त्याच्या बैठकीवर अवलंबून असतो. लाकूड पावसाळ्यात ओल धरते आणि खानदेशच्या उन्हाळ्यात आकसते. पुढचा दस्ता नळीला कुठेतरी टेकू लागला की नेम सरकतो. हा दोष कोऱ्या रायफलीतही येतो.

‘एखाद्या हुशार मिस्त्रीकडून करून घेऊ’ हा समज सर्वांत महागात पडतो. चोपडा-शिरपूरच्या हद्दीला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमर्टीच्या गावठी कट्ट्यांमुळे या भागात बंदूक घडवणे म्हणजे लोहारकाम वाटू लागले आहे. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये सुटे भागही शस्त्रच मानले आहेत. विनापरवाना बनवणे, रूपांतर करणे, एवढेच काय दुरुस्त करणेही कलम 5 खाली गुन्हा आहे. शिक्षा किमान 7 वर्षे, कमाल जन्मठेप. काम परवानाधारक कारागिराकडूनच व्हायला हवे.

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर रायफल मिळते, हाही घोटाळाच. कायद्याने त्यासाठी तोंडाकडून भरायची ठासणीची बंदूक धरली आहे. शिवाय परवाना शस्त्राचा असतो, शिकारीचा नव्हे. रोही किंवा रानडुक्कर पीक खात असले, तरी वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 11 नुसार वेगळी परवानगी लागते.

एवढे पाहून जुनी घ्यायचीच असेल, तर बोल्टच्या मुठीच्या बुडाशी कोरलेला क्रमांक आधी वाचावा आणि नळीजवळच्या बॉडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील, तर तो बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे. मग काडतुसामागची मोकळीक परवानाधारक कारागिराने गेज लावून तपासल्याखेरीज त्या रायफलीतून एकही बार काढू नये.