शाळेच्या बसचा धूर आणि त्याचे साक्षीदार

सकाळीं सातच्या सुमारास शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर येऊन उभी राहते, मुलें पाठीवरचीं ओझीं सांवरीत आंत चढतात, आणि बस निघून गेली म्हणजे घरचीं माणसें निश्चिंत मनानें आपापल्या उद्योगास लागतात. त्या बसच्या चालकासमोर, वेगाच्या कांट्याशेजारीं, एक पिवळा दिवा गेले आठ दिवस जळत असला तरी घरांत कोणास त्याची वार्ता नसते. चालकास ती असते. मुलांचे हे 'काका' मालकास तसें सांगतातहि. मालक गाडी मिस्त्रीकडे धाडतो. मिस्त्री तिला स्कॅनर जोडतो, पडद्यावर उमटलेला दोषाचा क्रमांक वाचतो आणि म्हणतो, "सेन्सर गेला, नवा घाला." हजारों रुपये मोजून नवा सेन्सर बसतो आणि चार दिवसांनीं तोच दिवा पुन्हां लागतो. असें कां होतें हें समजून घेण्याजोगें आहे. कारण त्या दिव्याचा संबंध मालकाच्या पैशापेक्षां मुलांच्या श्वासाशीं अधिक आहे.

डिझेलच्या धुरांत दोन पदार्थ विशेष घातक. एक काजळी, आणि दुसरा नत्र व प्राणवायु यांच्या संयोगानें झालेला वायु, ज्यास मिस्त्री लोक 'नॉक्स' म्हणतात. हा वायु श्वासनलिकेस झोंबतो आणि दम्याच्या मुलांस फार त्रास देतो. सबंध धूर तर कर्करोगास कारण होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला. भारतांत १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांस 'भारत स्टेज सहा'चे नियम लागू झाले. पूर्वी जड डिझेल इंजिनास दर किलोवॉट-तासामागें ३.५ ग्रॅम नॉक्सची मुभा होती, ती ०.४ ग्रॅमच्या आसपास आली.

एवढी घट नुसत्या इंजिनाच्या सुधारणेनें साधत नाहीं. म्हणून धुराच्या नळीलाच एका छोट्या रसायनशाळेचें रूप द्यावें लागलें. धूर प्रथम एका बारीक छिद्रांच्या गाळणींतून जातो. तेथें काजळी अडते आणि मधून मधून सुमारें ६०० अंश उष्णतेनें जाळून टाकली जाते. पुढें त्यावर युरियाच्या पाण्याचा फवारा पडतो. उष्णतेनें युरियाचा अमोनिया होतो, आणि उत्प्रेरकाच्या पेटींत अमोनिया व नॉक्स यांची गांठ पडून साधा नत्रवायु व पाण्याची वाफ एवढेंच बाहेर पडतें. या सर्वांवर देखरेख ठेवण्यासाठीं नळीवर ठिकठिकाणीं सेन्सर बसविलेले असतात: कांहीं उष्णमान मोजणारे, एक गाळणीच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक मोजणारा, आणि दोन नॉक्स मोजणारे, एक उत्प्रेरकाच्या पुढें व एक मागें.

हे सारे साक्षीदार होत. चोरी झाल्याचें ज्यानें सांगितलें त्यालाच तुरुंगांत टाकणें जितकें शहाणपणाचें, तितकेंच दिवा लागतांच सेन्सर बदलणें शहाणपणाचें आहे. साक्ष खोटी आहे कीं घडलेली गोष्टच वाईट आहे, हें आधीं ठरवावें लागतें.

उष्णमानाच्या सेन्सरांची परीक्षा सर्वांत सोपी. रात्रभर उभी असलेली बस पहांटे सुरू करण्यापूर्वीं स्कॅनर लावून आंकडे वाचावे. सबंध नळी बाहेरच्या हवेइतकीच थंड असल्यामुळें सगळे सेन्सर दोनचार अंशांच्या फरकानें एकच आंकडा सांगतील. एखादाच त्या वेळीं ३०० अंश सांगूं लागला तर तो किंवा त्याची तार बिघडली आहे, याविषयीं संशय उरत नाहीं. दाबाच्या सेन्सरासहि अशीच कसोटी आहे: इंजिन बंद असतां त्यानें शून्य दाखविलें पाहिजे. मात्र हा साक्षीदार कधीं कधीं उलट्या दिशेनें खोटें बोलतो. त्याच्याकडे जाणारी बारीक नळी निसटली किंवा चिरली तर तुंबलेली गाळणीहि त्यास स्वच्छ दिसते. दिवा लागत नाहीं, काजळी सांचत जाते आणि एके दिवशीं ती एकदम पेटून महागडी गाळणी तडकते. दिवा नसला म्हणजे सर्व क्षेम आहे, असें समजण्यांत अर्थ नाहीं तो यासाठीं.

नॉक्सचा सेन्सर खरोखरच नाजूक. त्याच्या टोकाशीं झिर्कोनिया नांवाच्या पदार्थाची चिनी मातीसारखी पातळ पट्टी असते व ती आंतून सुमारें ८०० अंशांपर्यंत तापवावी लागते. तापलेल्या पट्टीवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकेल. म्हणून नळी तापून आंतली ओल उडून जाईपर्यंत हा सेन्सर मोजणीस आरंभच करीत नाहीं. शाळेची बस थांबत थांबत थोडें अंतर जाते आणि दुपारपर्यंत उभी राहते. एवढ्या प्रवासांत नळी पुरती तापत नाहीं. अंगणांत इंजिन नुसतें चालू ठेवून 'सेन्सर आंकडाच देत नाहीं' म्हणणारा मिस्त्री झोपलेल्या साक्षीदारास मुका ठरवीत असतो.

त्याचा दुसरा गुण अधिक विचित्र आहे. नॉक्स आणि अमोनिया यांतला भेद त्यास कळत नाहीं. युरियाचा फवारा वाजवीपेक्षां जास्त झाला कीं उरलेला अमोनिया मागच्या सेन्सरापर्यंत पोंचतो, आणि तो 'नॉक्स वाढला' अशी ओरड करतो. ही गल्लत ओळखण्यासाठीं जाणते कारागीर गरम गाडीचा फवारा थोडा वेळ बंद ठेवतात. मागचा आंकडा प्रथम खालीं उतरला, तर तो अमोनियाचा होता. मग उत्प्रेरकांत सांठलेला अमोनिया संपला कीं मध्यें नॉक्स कमी करणारें कांहींच उरत नाहीं. अर्थात् पुढच्या व मागच्या दोन्ही सेन्सरांचे आंकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. जुळले तर दोघेहि खरे, आणि दोष युरियांत, फवाऱ्यांत किंवा उत्प्रेरकांत शोधावा. न जुळले तर मात्र सेन्सर बदलण्यास हरकत नाहीं.

तत्पूर्वीं तारा पाहावयाच्या. मे महिन्याच्या सुटींत उभ्या असलेल्या बसच्या तारा उंदीर कुरतडतात. पावसाळ्यांत कनेक्टरमध्यें पाणी शिरून पितळेवर हिरवा गंज चढतो. सेन्सर ज्या दोन वळलेल्या तारांवरून इंजिनाशीं बोलतो, त्यांच्यामधील अवरोध बॅटरी सोडवून मोजला असतां सुमारें ६० ओहम् भरावा. १२० भरला तर एक टोक तुटलेलें आहे. नळीच्या सांध्यापाशीं काळा डाग असेल तर तेथून धूर गळतो. तो सेन्सरास चकवितो आणि बसमध्येंहि शिरूं शकतो.

युरियाविषयीं तर फारच ढिलाई आढळते. तो शुद्ध पाण्यांत शेंकडा ३२.५ या प्रमाणांतच असावा लागतो; एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या कांचेवर ठेवला कीं तें प्रमाण क्षणांत कळतें. काटकसर म्हणून शेतीचा युरिया नळाच्या पाण्यांत कालवून भरणारेहि आहेत. त्या युरियावर २०१५ पासून निंबोळीच्या तेलाचा लेप असतो. पिकास तो हितकर असला तरी तेल आणि पाण्यांतले क्षार फवाऱ्याचें तोंड बुजवितात व उत्प्रेरक नासवितात.

दोष तसाच राहिला तर नियमाप्रमाणें इंजिनाची ओढ कमी होते, आणि अखेरीस बस ताशीं २० किलोमीटरांवर येते. या जाचास कंटाळून कांहीं मालक एक छोटी पेटी बसवितात. ती खऱ्या सेन्सरांच्या जागीं ठरीव, निर्दोष आंकडे इंजिनास सांगत राहते. दिवा विझतो, युरियाचा खर्च वांचतो, आणि बसमागें रांगेंत उभ्या असलेल्या मुलांच्या नाकांत जुन्या काळचा धूर जातो. हा व्यवहार निव्वळ लबाडीचा आहे. मुलांच्या आईबापांनीं शाळेच्या सभेंत याविषयीं विचारणा केल्यास ती आगळीक मानूं नये.

दुरुस्तीनंतरची परीक्षा उभ्या गाडीवर होत नाहीं. रिकामी बस चढणीच्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालवून, नळी तापल्यावर पुढचा व मागचा नॉक्स, गाळणीवरील दाब आणि उष्णमान हे आंकडे तारखेसह काकांच्या वहींत लिहून ठेवावे. पुन्हां दिवा लागला तर मिस्त्रीस तोंडी हकीकतीऐवजीं तेंच पान उघडून दाखवितां येतें.