जुनी छोटी मोटार घेताना : कागदपत्रे, तपासणी आणि निगा

सामान्य कुटुंबाच्या दारात मोटार उभी राहणे ही एके काळी अपूर्वाईची गोष्ट होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही छोटी गाडी रस्त्यावर आली आणि हे चित्र पालटू लागले. ७९६ घन सेंटिमीटर क्षमतेच्या, तीन सिलिंडरांच्या या पेट्रोल गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तथापि रचना साधी आणि तालुक्याच्या गावातील मेकॅनिकलाही परिचित असल्यामुळे शिक्षक, कर्मचारी व लहान बागायतदार यांची पहिली गाडी म्हणून ती आजही विकत घेतली जाते. मात्र स्वस्तात मिळणारी गाडी आणि स्वस्तात पडणारी गाडी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे खरेदीपूर्वीच ध्यानी घेणे इष्ट होय.

मालकी कागदावर बदलावी

पैसे दिले, किल्ली घेतली, एवढ्याने व्यवहार पूर्ण होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार एकाच राज्यातील विक्रीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व ३० वापरले जातात. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास तो उतरल्याबद्दलचा नमुना ३५ आवश्यक असतो. गाडी दुसऱ्या राज्यातून आणावयाची असेल, तर तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. बेळगाव, सिंधुदुर्ग व गोवा या लगतच्या भागांत असे व्यवहार होत असल्याने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवल्यास तेथील नोंदणी क्रमांक घेणे बंधनकारक आहे.

या कामात दिरंगाई झाल्यास विकणाऱ्याचेच अधिक नुकसान होते. ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. विम्यावर आपले नाव चढविण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे टिकते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढविता येते. हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. म्हणून नोंदणीची मुदत केव्हा संपते हे पाहूनच किंमत ठरवावी. चासी व इंजिन यांवरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी अक्षरशः जुळले पाहिजेत, तसेच जुने दंड थकलेले नाहीत याचीही खातरजमा करावी.

आधी पत्रा, मग इंजिन

इंजिन दुरुस्त होऊ शकते. कुजलेला पत्रा मात्र सहजी सुधारत नाही. या गाडीला ट्रकप्रमाणे वेगळी चौकट नसते. पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो. किनारपट्टीवरील खारी हवा व दीर्घ पावसाळा यांमुळे गंज आतून पसरतो. पायाखालील चटया उचलून तळ पाहावा. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानी व बॅटरीखालील जागा तपासावी. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरविल्यास, जेथे ते धरत नाही तेथे रंगाखाली लांबी भरलेली असण्याचा संभव असतो.

इंजिन थंड असतानाच ते सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असल्यास दोष झाकले जातात. निळसर धूर इंजिनमध्ये तेल जळत असल्याचे, तर काळा धूर पेट्रोल प्रमाणाबाहेर जात असल्याचे दर्शवितो. इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला आणि तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा थर दिसला, तर पाणी तेलात मिसळत असावे. अशी गाडी टाळावी. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालविताना पुढच्या चाकांकडून टकटक आवाज आल्यास तेथील सांधे झिजलेले असतात. टायरच्या कडेवरील चार आकडी संख्येतून त्याचे वय कळते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुना, भेगाळलेला टायर धोक्याचाच.

नियमित निगा

गाडी घेताच इंजिनचे तेल, तेलाची व हवेची गाळणी आणि स्पार्क प्लग बदलावेत. टायमिंगचा रबरी पट्टा केव्हा बदलला याचा पुरावा नसल्यास तोही नवा घालावा. तो तुटल्यास गाडी भर रस्त्यात बंद पडते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना कदापि उघडू नये.

२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून पंपांवर मिळू लागले व २०२५ पर्यंत देशभर पसरले. जुन्या गाड्या त्या मिश्रणासाठी घडविलेल्या नव्हत्या. इथेनॉल ओलावा धरते व जुन्या रबराला बाधक ठरते. सबब पेट्रोलच्या नळ्या व कार्ब्युरेटरमधील रबरी भाग वेळोवेळी तपासावेत, तडे दिसताच बदलावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. पेट्रोलचा वास येत असल्यास दुरुस्तीपूर्वी ती चालवू नये.

प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर व खर्च एका वहीत टिपून ठेवल्यास पुढची कामे वेळेवर होतात आणि विक्रीच्या वेळी तीच वही गाडीची साक्ष देते. सांगाडाच कुजला असेल, तर मोहात न पडता गाडी नोंदणीकृत मोडणी केंद्राकडे देऊन तिची नोंदणी रद्द करून घ्यावी. घरच्या माणसांच्या सुरक्षिततेपुढे जुन्या गाडीचा लोभ गौण होय.