सा ते पा किती दूर?

पुष्कळ मराठी घरांत कपाटावर एखादी पेटी असतेच. कुणा आत्याने लग्नाआधी गाण्याच्या ‘दोन परीक्षा’ दिलेल्या असतात, तेव्हाची. चाळिशी उलटल्यावर मी आमच्या पेटीवरची धूळ झटकली आणि एका पेटीमास्तरांकडे जाऊ लागलो. कॉलेजात मी वृत्ते शिकवतो, म्हणजे मात्रा मोजण्याची सवय जुनीच. इथे मोजायचे होते ते मात्र निराळे.

“प्रोफेसरसाहेब, पट्ट्या पाठ करू नका, अंतरं पाठ करा,” मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले.

आपणही मोजून पाहा. काळी-पांढरी असा भेद न करता लगतच्या पट्टीपर्यंत एक पाऊल धरा. सा ते रे दोन पावले, रे ते ग दोन, ग ते म मात्र एकच. मग म-प, प-ध, ध-नी दोन-दोन आणि नी ते वरचा सा पुन्हा एक. बेरीज बारा. सा ते म पाच पावले, सा ते प सात.

हे झाले बोटांचे. कानाला अंतर कळायला वेळ लागतो. ‘जनगणमन’चे पहिले तीन स्वर सा-रे-ग आहेत, तिथे दोन-दोनची पावले आपल्या कानात लहानपणापासून बसलेलीच असतात. पंचमासाठी एखादी ताणलेली तार घ्यावी. मोकळी छेडली की सा. दोन तृतीयांश लांबीवर दाबून छेडली की पा. पाऊण लांबीवर म. निम्म्यावर वरचा सा. भरताच्या नाट्यशास्त्रात नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरचे स्वर परस्परांचे संवादी म्हटले आहेत. सा-म नऊ, सा-प तेरा. वर्गात मी ‘संवाद’ हा शब्द किती वेळा उच्चारतो, पण तो असा ऐकू येतो हे तारेनेच सांगितले!

आता खरी गंमत. पेटीवरच्या फक्त पाच काळ्या पट्ट्या घ्या, पांढरीला हात लावायचा नाही. काळी तीनला सा मानून चढत जा: भूप. त्याच पट्ट्या, पण सा काळी एक: दुर्गाचे स्वर. काळी पाचवर सा धरा आणि तोच भूप मालकंस होऊन बसतो! (हे स्वरांपुरतेच हो, राग म्हणजे त्याहून पुष्कळ काही, जाणकारांनी रागावू नये.) पट्ट्या बदलल्या नाहीत, बदलले ते सापासूनचे अंतर. भूपात म आणि नी नाहीत, म्हणून एका पावलाची दोन्ही अडचणीची ठिकाणे आपोआप वगळली जातात. नवशिक्याला भूप आधी देतात तो उगाच नव्हे.

हे सारे मी हौसेखातर करीत नव्हतो. आमची आई ब्याऐंशी वर्षांची. तिन्हीसांजेला देवापाशी बसून ती अभंग म्हणते, आणि मला तिला साथ करायची होती. पूर्वी तिचा सा काळी चारचा. वय झाले तसा तो उतरला. पेटी म्हातारीच्या गळ्याला आज्ञा करू शकत नाही. पेटीनेच खाली यायचे.

एके दिवशी ती थांबली. “अरे, तुझा ग टोचतो बघ जरा.”

गाणे न शिकलेल्या बाईचा कान! समान अंतराने जुळवलेल्या पेटीत दोन पट्ट्यांमधल्या एका पावलाचे शंभर भाग कल्पिले, तर शुद्ध गंधार नैसर्गिक गंधाराहून सुमारे १४ भाग चढा असतो. पंचम मात्र जेमतेम २ भाग उतरलेला, तो सहसा खटकत नाही. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो, तो तिला हवा होता. तेव्हापासून तिचा आवाज गंधारावर ठरला की मी ती पट्टी सोडून देतो आणि नुसता सा-प धरून ठेवतो.

सध्या तिचा सा पांढरी चार आहे. तिथून सारे शुद्ध स्वर पांढऱ्यांवर येतात, मध्यम तेवढा काळी पाचवर. गेल्या आठवड्यात दोनदा तिने आणखी एक पट्टी खालून धरले. पांढरी तीनवरून रे, ग, प, ध, नी कुठे पडतात ते मी मोजून ठेवले आहे. दिवाळीच्या सुट्टीत रोज रात्री, ती निजल्यावर, भाता अगदी हळू घालून तेवढेच घोकतो आहे.