जुन्या स्लॅबची खडी नव्या स्लॅबमध्ये चालेल का?

घर पाडले की दारात पहिला ढीग लागतो तो राडारोड्याचा. आमच्या गल्लीत एक जुने घर पाडले, तेव्हा ठेकेदार मालकांना म्हणाला, "चाचा, जुना स्लॅब फोडून खडी करतो, तीच नव्या स्लॅबात टाकू. खडीचे पैसे वाचतील." चाचांनी आम्हाला विचारले. आम्ही पडलो शाळामास्तर, इंजिनिअर नव्हे. पण यामागचे विज्ञान आणि नियम सगळ्यांना कळायला हवेत, म्हणून हे लिहितो आहोत.

पहिली गोष्ट, ही कल्पना चुकीची नाही. डोंगर फोडून खडी काढण्यापेक्षा जुने काँक्रीट पुन्हा वापरणे केव्हाही चांगले. भारतीय मानक आयएस 383 ने 2016 मध्ये याला परवानगीही दिली. पण मर्यादा घालून.

मर्यादा का? जुन्या काँक्रीटच्या खडीला जुना सिमेंट-वाळूचा थर चिकटलेला असतो. तो सच्छिद्र आणि कमजोर असतो. आपली काळ्या दगडाची चांगली खडी साधारण एक टक्क्याच्या आसपास पाणी शोषते. जुन्या काँक्रीटची खडी बऱ्याचदा 4 ते 6 टक्के शोषते. म्हणजे 100 किलो कोरडी खडी चार ते सहा लिटर पाणी पिऊन टाकते. मग माल घट्ट होतो, मिस्त्री वरून पाईप सोडतो, आणि हिशेबाबाहेरचे पाणी पडले की काँक्रीटची ताकद घटते. म्हणून ही खडी आधी भिजवून, वरचे पाणी निथळून मगच वापरावी.

ताकदीचा फरक किती पडतो? एकूण खडीत 20-30 टक्केच जुनी खडी असेल आणि ती स्वच्छ असेल, तर फरक फारसा जाणवत नाही. सगळीच खडी जुनी घेतली, सिमेंट-पाणी तेवढेच ठेवले, तर ताकद साधारण 10 ते 25 टक्के कमी भरू शकते. एम-20 काँक्रीट म्हणजे 28 दिवसांनी प्रत्येक चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन दाब सोसणारे. तिथे 16 च भरले तर? आरसीसीसाठी एम-20 हा किमान दर्जा आहे, त्याच्याही ते खाली गेले. शिवाय असे काँक्रीट जास्त आकसते आणि स्लॅब जास्त वाकतो.

म्हणून मानक सांगते : आरसीसीत, म्हणजे सळईच्या कामात, जुन्या काँक्रीटची खडी जास्तीत जास्त 20 टक्के, तीही एम-25 पर्यंतच. सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के. एम-15 पेक्षा कमी दर्जाच्या, फरशीखालच्या वगैरे काँक्रीटमध्ये मात्र 100 टक्के चालते. विटा, गिलावा, टाइल्स मिसळलेला राडारोडा असेल तर तो फक्त या शेवटच्या कामासाठी. स्लॅब, कॉलम, बीममध्ये अजिबात नाही.

आणखी एक. प्रक्रिया केंद्रात काँक्रीट यंत्राने फोडतात, लोखंड काढतात, चाळतात. दारात घणाने फोडलेल्या ढिगात माती, चुना, प्लास्टर सगळे येते. दोन्हींना 'खडी' म्हटले तरी दोन्ही एक नव्हेत.

तेव्हा घर बांधताना ठेकेदाराला तीन प्रश्न जरूर विचारा. ही खडी कुठल्या कामात टाकणार? किती टक्के? आणि क्यूब टेस्ट करणार का? माल टाकतानाच 15 सेंटिमीटरचे ठोकळे भरून घ्यायचे, 28 दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून बघायचे. घराच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

चाचांनी शेवटी तो ढीग फरशीखालच्या काँक्रीटला वापरला आणि स्लॅबसाठी नवी खडी मागवली. पैसे थोडे तिथेही वाचलेच. आयुष्यभराची कमाई घालून बांधलेल्या छताखाली लेकरे झोपणार असतात. बचत करायचीच तर ती पायाखाली करू या, डोक्यावर नको.