निओपियाच्या पेठेतील दुकानदारी

लहान मुले दुकान मांडून खेळू लागली की चिंचोके रुपये होतात, पानांच्या नोटा होतात आणि अंगणातील माती साखर म्हणून तोलली जाते. तिन्हीसांजेला घरातून हाक आली की दुकान मोडते. नफातोट्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र या खेळाचा एक निराळा अवतार पाहावयास मिळतो. त्यातील दुकान मालक झोपला तरी उघडेच असते, त्यातील भाव रोज हलतात आणि हिशेब न ठेवणाऱ्याचे भांडवल त्यात पाहता पाहता आटते. या खेळाचे नाव निओपेट्स.

ॲडम पॉवेल आणि डोना विल्यम्स या दोघा ब्रिटिश तरुणांनी १५ नोव्हेंबर १९९९ रोजी हा खेळ इंटरनेटवर सुरू केला. २००५ साली व्हायकॉम या अमेरिकन कंपनीने १६ कोटी डॉलर मोजून तो विकत घेतला. २०१४ मध्ये तो जम्पस्टार्ट कंपनीकडे गेला आणि २०२३ पासून तो स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालतो. निओपिया नावाच्या कल्पित जगात खेळणाऱ्याने एक प्राणी पाळावयाचा आणि त्याचे कोडकौतुक करावयाचे, हे या खेळाचे मूळ स्वरूप. प्राणी उपाशी राहिला तरी मरत नाही. परंतु त्याचे अन्न, त्याची औषधे, पुस्तके, त्याला रंगविण्याचे कुंचले, या सर्वांना तेथील नाणे, म्हणजे निओपॉइंट, लागतात. लहानमोठे खेळ खेळून हे पॉइंट मिळतात खरे, पण त्या मिळकतीला रोजची मर्यादा आहे. म्हणून ज्याची हौस मोठी, तो व्यापाराकडे वळतो.

दुकान काढण्यास अवघे १५० पॉइंट लागतात. दुकान लहान असते. अधिक माल मांडावयाचा तर ते वाढवावे लागते आणि वाढीचा खर्च दर वेळी चढत जातो. दुकानात ठेवलेल्या वस्तूचा भाव आरंभी शून्य असतो, आणि जोवर तो बदलला नाही तोवर ती वस्तू विक्रीस नाही असे समजले जाते. विक्रीचे पैसे गल्ल्यात जमतात. मालकाने सवडीने येऊन ते काढून घ्यावयाचे. उधारी नाही, भाडे नाही, नोकर नाही. मग एवढ्या सोयी असता काहींची दुकाने भरभराटतात आणि काहींची ओस पडतात, हे कसे?

याचे उत्तर गिऱ्हाईक दुकानापर्यंत कसे येते यात आहे. निओपियात रस्त्याने जाता जाता दुकानात डोकावणारा विरळाच. ज्याला वस्तू हवी तो भाव सांगणाऱ्या एका जादूगाराकडे जातो. वस्तूचे नाव सांगताच हा जादूगार ती कोणाकोणाकडे आहे याची यादी देतो, आणि सर्वांत स्वस्त दुकान यादीच्या शिरोभागी असते. दुकानाची सजावट, मालकाचे गोड बोलणे, पाटीवरील रंगीत अक्षरे यांपैकी कशाचाही येथे फारसा उपयोग नाही. गिऱ्हाईक पहिल्या नावाकडे जाते. मात्र एका खेपेस जादूगार पेठेचा एकच भाग दाखवितो. दुकानदारांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून हे भाग पाडलेले आहेत. यावरून चतुर दुकानदार दोन गोष्टी शिकतो. एक, खरेदी करताना एकाच उत्तरावर विसंबू नये. पुनःपुन्हा विचारून साऱ्या पेठेचा भाव काढावा. दुसरी, विकताना साऱ्या पेठेत स्वस्त असण्याची गरज नाही. आपल्या भागात पहिले असले म्हणजे पुरे. त्यासाठी एका पॉइंटाचा फरक पुरतो. तेथे शंभर पॉइंटांची सूट देणे हे औदार्य नसून अज्ञान होय.

माल मिळविण्याची मुख्य वाट म्हणजे खेळानेच चालविलेली सरकारी दुकाने. तेथे काही मिनिटांच्या अंतराने नवा माल येतो. प्रत्येक वस्तूला दुर्मिळतेचा अंक असतो, आणि अंक जितका मोठा तितकी वस्तू क्वचित दिसणारी. तेथील दुकानदाराशी घासाघीस करता येते. पण घासाघीस लांबली तर तोवर दुसराच कोणी वस्तू उचलतो. दहा पॉइंट वाचविण्याच्या नादात दहा हजारांचा माल गमावणारे तेथे नित्य आढळतात.

नवख्याची दृष्टी सहसा दुर्मिळ वस्तूवर खिळते. परंतु लहान भांडवलाचा जीव उलाढालीत असतो. समजा, दोघांजवळ प्रत्येकी १०,००० पॉइंट आहेत. पहिल्याने सर्व रक्कम एका अपूर्व वस्तूत घातली आणि महिन्याने ती १३,००० ला विकली. दुसऱ्याने नित्य खपाच्या दहा वस्तू ९०० च्या भावाने घेतल्या आणि तीन दिवसांत १,००० च्या भावाने विकल्या. पहिल्याचा नफा ३,०००. दुसऱ्याचा एका फेरीत १,०००, पण महिन्यात अशा दहा फेऱ्या झाल्यास १०,०००. शिवाय दुसऱ्याच्या गाठीशी अडीअडचणीस १,००० नेहमीच शिल्लक राहिले. नित्य खपाचा माल कोणता, हेही विचाराने कळते. मिस्टरी आयलंड येथील शिक्षणशाळेत प्राण्याची फी कोडस्टोन नावाच्या दगडांत भरावी लागते. फी भरताच दगड संपतात, म्हणून त्यांची मागणी सरत नाही. जी वस्तू वापरात खर्च होते तिचे गिऱ्हाईक परत येते, हा नियम खऱ्या बाजारपेठेतही तितकाच खरा आहे.

दुसरा धडा फुकटाचा. डिसेंबर महिन्यात खेळाकडून रोज सर्वांना भेटवस्तू मिळतात. अनेकजण त्या तत्काळ विकावयास काढतात, आणि एकच वस्तू हजारोंनी मांडली गेल्याने तिचा भाव कोसळतो. फुकट मिळाले ते कितीलाही विकले तरी नफाच, अशी समजूत करून घेणारे घाईघाईने आणखी खाली उतरतात. वस्तुतः वस्तूची किंमत ती कितीला पडली यावरून ठरत नाही; तिच्याऐवजी आज काय मिळू शकते यावरून ठरते. जो काही काळ थांबू शकतो, त्याला अशा वस्तूचा पुढे बरा भाव येण्याचा संभव असतो. ज्याने सारे भांडवल गुंतवून टाकले आहे त्याला मात्र थांबणे परवडत नाही. हाताशी रोकड असणे याचाच अर्थ थांबण्याची ताकद असणे.

या सर्व हिशेबात एक रकाना बहुतेक दुकानदार कोरा सोडतात, आणि तो म्हणजे वेळेचा. सरकारी दुकानापुढे दोन तास टक लावून बसल्यावर ५,००० पॉइंट सुटले, तर तेवढेच पॉइंट खेळ खेळून आनंदाने किती वेळात मिळाले असते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. निओपॉइंट खऱ्या पैशाने विकणे वा घेणे नियमाने वर्ज्य आहे. तेव्हा हा नफा घरी आणता येत नाही. घरी येते ते केवळ शिकलेले. आपल्या दुकानाची पाटी सजविण्याच्या निमित्ताने अनेक मुलामुलींनी संगणकाची पाने लिहिण्याची भाषा प्रथम आत्मसात केली, ही या खेळाची खरी मिळकत.

म्हणून एखादे मूल अशा दुकानात गढलेले दिसले तर रागावण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी त्याची वही पाहावी. तीत खरेदी, विक्री, शिल्लक आणि लागलेला वेळ असे चार रकाने असतील, तर ते मूल खेळता खेळता व्यवहार शिकत आहे. चौथा रकाना नसेल, तर तो आखून देणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे. कारण निओपियात बुडालेले भांडवल पुन्हा उभे करता येते, गेलेली संध्याकाळ मात्र कोणत्याच पेठेत विकत मिळत नाही.